हजेरीपटावरची एक

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

एफ.वाय.च्या पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना सर माझ्या नावाशी अडले. पहिले नाव बायबलातले, वडिलांचेही बायबलातले आणि आडनाव मात्र रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्याचे, शेवटी चांगला ठसठशीत 'कर'. सरांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "ख्रिश्चन का?"

"नाही सर, ज्यू."

"अस्सं! मग शाळा कुठली?"

"ज्यू शाळाच, सर. भायखळ्याच्या बाजूची."

"म्हणजे तिथं सगळे तुमचेच लोक."

"नाही सर. वर्गात मी एकटीच होते."

वर्ग हसला. मीही हसले. हसण्यासारखेच होते ते. ज्यू शाळा, आणि वर्गात ज्यू एक! लग्नाच्या मांडवात नवरीखेरीज सगळी पाहुणेमंडळी असावी, तसलाच प्रकार. पण ते हसणे माझ्या डोक्यातून गेले नाही. संपादक मंडळाने यंदा 'शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहावे' असा आग्रह धरला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हेच. मित्रमैत्रिणींनो, तीन वर्षे उशिरा का होईना, त्या हसण्याला उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडी ओळख करून देते, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. आमच्यातली परंपरा अशी, की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. ग्रंथ बुडाले, भाषा बुडाली. उरले ते थोडेसेच. शनिवारी काम करायचे नाही, मुलाची सुंता करायची, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा आणि 'शेमा'चे चार शब्द म्हणायचे. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवले 'शनिवार तेली'. आजवर आमच्या समाजाला मिळालेल्या नावांत हे मला सर्वांत आवडते. त्यात धंदाही आहे आणि धर्मही आहे, आणि ते नाव आम्ही स्वतःला दिलेले नाही, शेजाऱ्यांनी दिलेले आहे.

पुष्कळांना ज्यू म्हटले की ससून आठवतात: ससून डॉक, ससून ग्रंथालय, पुण्याचे ससून. ती मंडळी बगदादकडून आलेली, व्यापारी, श्रीमंत. आमचे त्यांचे फारसे जमले असेही नाही. एके काळी त्यांच्यातले बरेचजण आम्हाला अस्सल ज्यूच मानायला तयार नव्हते. आम्ही आपले कारकून, सुतार, पलटणीतले सुभेदार, नर्सेस, शाळामास्तर. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. ते डॉक्टर मोझेस म्हणजे एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. 'बूट पॉलिश'मधले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, चौलकडचे. आणि इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना निस्सीम इझिकेल सांगायलाच नकोत. गंमत अशी, की इझिकेल स्वतः शिकले ते एका कॅथलिक शाळेत.

आता शाळेकडे वळते.

माझ्या शाळेचे नाव मी मुद्दाम घालत नाही, कारण जे म्हणायचे आहे ते त्या एकाच शाळेपुरते नाही. पण या सगळ्या गोष्टीचे मूळ ज्या शाळेत आहे तिचे नाव घेतलेच पाहिजे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली, 'इस्रायलाइट स्कूल'. मराठी, इंग्रजी आणि जोडीला हिब्रू. पुढे तिचे हायस्कूल झाले, आणि १९३० नंतरच्या दशकात हाँगकाँग-शांघायकडचे धनिक सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. १९२२ ते १९५० एवढा काळ तिच्या प्रमुख होत्या रेबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या बाई! माझी पणजी त्यांच्या हाताखाली शिकली. ती घरात एखादे भांडे नीट घासले नाही तरी "रेबेकाबाई असत्या तर..." म्हणायची, असे आजी सांगते.

रेबेकाबाईंच्या काळी त्या वर्गांतून आमचीच मुले भरलेली होती. मग १९४८ साली इस्राएल स्वतंत्र झाले आणि घरेच्या घरे बोटीने, पुढे विमानाने निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीस-पंचवीस हजार ज्यू होते. २०११च्या शिरगणतीत ते साडेचार-पाच हजारांवर आले. माणसे गेली, इमारती राहिल्या. रिकाम्या बाकांवर वस्तीतली मुले येऊन बसली, आणि मुंबईच्या ज्या भागांत या शाळा आहेत तिथली वस्ती बहुतांश मुसलमानांची. असे आपल्याकडेच झाले असेही नाही. कलकत्त्यात १८८१ साली निघालेल्या ज्यू मुलींच्या शाळेत आज बहुसंख्य मुली मुस्लिम आहेत, आणि त्यांच्या गणवेशावर डेव्हिडचा तारा आहे.

माझ्याही शाळेच्या बिल्ल्यावर तो तारा होता. माझ्या वर्गात त्रेचाळीस मुली, मुलगे. त्यांत मी एक.

पहिली काही वर्षे मला यात काही विशेष वाटले नाही. मुलांना जे असते तेच जगाचे रूप वाटते. शाळेला आमच्या सणांची सुट्टी असे आणि सर्व शाळा ती मनापासून उपभोगी, एवढेच. खरी सुरुवात झाली ती पाचवीत. आमचे सण चांद्र पंचांगावर, इंग्रजी तारखेला दर वर्षी मागेपुढे होणारे. तेव्हा दिवाळीची सहामाही संपत आली की वर्गातली मुले माझ्याभोवती जमत. "ए, तुझा सण कधी गं? मंगळवारी की बुधवारी?" त्यांना सण नको होता, सुट्टी हवी होती. मला तारीख ठाऊक नसे. मग घरी जाऊन आजीला विचारायचे. आजी तारीख सांगे आणि तारखेबरोबर गोष्ट सांगे. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तारीख सांगायची, तर कुणीतरी विचारायचेच, "पण सण कशाचा?" की पुन्हा संध्याकाळी आजी. अशा रीतीने आमच्या धर्माचे शिक्षण मला आजीने दिले खरे, पण तिच्याकडे मला धाडले ते त्या बेचाळीस जणांनी.

वर्गात सगळे माझेच लोक असते तर? तर मला कुणी विचारले नसते, आणि मीही आजीला विचारले नसते. जे सर्वांना ठाऊक आहे असे सर्वांनाच वाटते, ते बहुधा कुणालाच नीट ठाऊक नसते.

आणि आजीची उत्तरे तरी कशी! आमच्या सणांना हिब्रू नावे आहेत, पण आजीच्या तोंडी ती येत नाहीत. तिच्या लेखी योम किप्पूर हा 'दारफळणीचा सण'. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, कुणाशी शिवाशिव नाही, दिवसभर उपास. एक 'खिरीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडले त्याच्या शोकाचा उपास तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या उपासाला वालाचे बिरडे. आणि एलूल महिन्यातल्या उपासांना आमच्यातले जुने लोक काय म्हणत? 'रमजान'! मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले आजीची काहीतरी गफलत झाली. पण केहिमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात ही नावे आहेत. प्रार्थनामंदिराला आम्ही 'मशीद'च म्हणतो. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मांडवीला बांधलेली आमची पहिली मशीद अजून उभी आहे, आणि मस्जिद स्टेशनचे नाव तिच्यावरूनच पडले असे आमची मंडळी अभिमानाने सांगतात.

मी वर्गात जाऊन सांगितले, "आमच्यात पण रमजान असायचा आणि आम्ही पण मशिदीत जातो." क्षणभर शांतता. मग माझी बाकावरची मैत्रीण म्हणाली, "मग तू वेगळी कशी?"

त्या वयात मला उत्तर आले नाही. आजही एका वाक्यात येत नाही. पण इतके मात्र कळते, की दहावीपर्यंत मला इतका चांगला प्रश्न दुसऱ्या कोणत्याही पेपरात आला नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या चौकटीवर मेझुझा होता. मेझुझा म्हणजे दाराच्या उजव्या बाजूला तिरकी ठोकलेली लहानशी डबी. आत चर्मपत्रावर हिब्रू वचने लिहिलेली असतात. आत-बाहेर जाताना तिला बोटे लावून ती ओठांना लावायची, ही आमची रीत. घरच्या सवयीने मी शाळेतही तसे करी. एकदा मी गणितात वर्गात पहिली आले (एकदाच!) आणि कुणीतरी शोध लावला की हे त्या डबीमुळे. झाले! पुढच्या चाचणीपासून सकाळी त्या दारापुढे रांग. आमचे पीटीचे सर, ते मालवणचे, तेही जाता जाता हात लावून जात. आमच्या समाजातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना हे कळले तेव्हा ते फार नाराज झाले. त्यांचे म्हणणे, ही पवित्र वस्तूची टिंगल आहे. मला वाटते टिंगल नव्हती. परीक्षेच्या सकाळी मूल ज्याला हात लावते त्याची ते टिंगल करीत नाही.

ह्या गृहस्थांचा उल्लेख आला तेव्हा आता वादाच्या मुद्द्यावर येते. दोन तऱ्हेची माणसे मला भेटतात. पहिली आमच्यातली. शनिवारी मशिदीतून बाहेर पडताना ती म्हणतात, "शाळेत आता आपलं कोण आहे? नाव आपलं, खर्च आपला, मुलं दुसऱ्यांची. बंद करा, जागा भाड्यानं द्या." दुसरी आपल्या कॉलेजातली, पुरोगामी विचारांची. ती म्हणतात, "धर्माच्या नावाच्या शाळा हव्यातच कशाला? कुंपणं आहेत ती." दोघांची भांडणे वेगळी, पण गृहीत एकच. दोघांनाही वाटते की ज्यू शाळा म्हणजे ज्यूंनी भरलेली शाळा. माझा वाद या गृहीताशी आहे.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून विचारते: आमचे ज्यूपण नक्की कुंपणाच्या आत कधी घडले? शनिवार तेली हे नाव हिंदू शेजाऱ्यांनी दिले. परंपरा सांगते की रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला आणि त्याने परीक्षा म्हणून आमच्या बायांपुढे सर्व तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेलेच रांधायला उचलले, तेव्हा त्याची खात्री पटली. ती ओळखही परक्याने पटवली. मशीद, रोजा, रमजान हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले. आणि हिब्रू? जी आमची धर्मभाषा, ती आमच्या पूर्वजांपैकी कितीतरी जण एकोणिसाव्या शतकात शिकले ते ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून! डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. त्यांचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. झाले उलटेच. आमच्या लोकांनी व्याकरण घेतले, धर्म आपलाच ठेवला. त्यानंतर जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हग्गादा मराठीसह छापली गेली, तिच्या चित्रांत भाकरीचे पीठ मळणाऱ्या बाया लुगडे नेसलेल्या आहेत. त्याच सुमारास आमच्यात कीर्तनेही सुरू झाली. अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने, पण चाली आणि थाट थेट हरिदासांचा.

म्हणजे सगळे उसने? नाही. शनिवार उसना नव्हता. दोन हजार वर्षे म्हणा की हजार म्हणा, आजूबाजूला दुसरे कुणी पाळत नसताना तो पाळला. शब्द मात्र शेजाऱ्यांचे वापरले, कारण ज्यांना समजावून सांगायचे ते शेजारीच होते. माझ्या शाळेत मी जे केले ते याहून वेगळे काय होते?

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. शाळेने मला जे दिले नाही त्याची बोच आहे. हिब्रूचा तास माझ्या वेळी उरलेला नव्हता. एका मुलीसाठी शिक्षक कोण ठेवणार? प्रार्थनापुस्तक मी मराठी लिपीतून वाचते. डाव्या पानावरची चौकोनी अक्षरे माझ्यासाठी अजून बरीचशी नक्षीच आहेत. शाळेच्या भिंतीवर संस्थापकांची तैलचित्रे होती, ती कुणाची हे दहा वर्षांत आम्हाला एकदाही कुणी सांगितले नाही. मुले त्यांतल्या एकाला 'दाढीवाले अंकल' म्हणत, मीही तेच म्हणे. त्रेचाळीस मुलांनी ज्या तिजोरीतून फुकट पुस्तके घेतली ती कुणी आणि का भरली होती, हे त्यांना ठाऊक असायला नको? इमारत चालवली म्हणजे शाळा चालवली असे होत नाही. आठवड्याचा एक तास, सर्व मुलांसाठी: ही शाळा कुणी काढली, ते कुठून आले, कुठे गेले. माझी मागणी एवढीच आहे. हिब्रूची दहा अक्षरे जरी त्यात आली तरी मुले आनंदाने गिरवतील. मेझुझापुढे रांग लावणारी मुले ती!

आता सर्वांत अवघड भाग. तो टाळून लेख पुरा करता आला असता, पण मग तो खरा राहिला नसता.

७ ऑक्टोबर २०२३. इस्राएलमध्ये हमासचा हल्ला झाला. माझा मामेभाऊ तिकडे आहे; २०१७ साली मामाचे कुटुंब गेले, आणि तिथल्या नियमाप्रमाणे तो अठराव्या वर्षी सैन्यात गेला. दीड दिवस त्याचा फोन लागत नव्हता. आजी पलंगावर बसून नुसती "एलियाहू हन्नबी, एलियाहू हन्नबी" करीत होती. (संकटात आम्ही एलिया संदेष्ट्याचे नाव घेतो, नवस फेडायला मलिदा करतो, पोहे, गूळ, खोबरे आणि फळे.) भाऊ सुखरूप होता. पण पुढच्या काही आठवड्यांत गाझातून येऊ लागलेली चित्रे आम्हीही पाहत होतो. ढिगाऱ्याखालून काढलेली मुले पाहिली. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज ती येत. एके रात्री कुणीतरी एक ओळ लिहिली, ती 'ज्यूंविषयी' होती. इस्राएल सरकारविषयी नव्हे, ज्यूंविषयी. लिहिणारा मेझुझाच्या रांगेतलाच एक होता. मी काही न बोलता गट सोडला.

आईने त्या दिवसांत मला गळ्यातला तारा काढून ठेवायला सांगितले. "लोकल आहे, गर्दी आहे, कशाला?" मी काढला. २००८ साली नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून आमच्या मशिदींबाहेर पोलीस उभे असतात. भीती ही आमच्या घरात नवी वस्तू नव्हे. पण शाळेच्या बिल्ल्यावर दहा वर्षे उघडा मिरवलेला तारा कॉलेजात जाताना झाकावा लागला, याचे मला जे वाटले ते अजून शब्दांत येत नाही.

तिसऱ्या दिवशी बाकावरची मैत्रीण घरी आली. फोन न करता आली. आजीने तिला चहा दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याने लिहिलं ते घाण होतं. मी त्याला तसं म्हटलं." आणि मग, "पण मी रोज ती मुलं बघते आणि मला झोप येत नाही. ते पण मला तुला सांगायचंय." मी म्हटले, "मला माझ्या भावाचा फोन लागत नव्हता तेव्हा झोप येत नव्हती. आणि ती मुलं बघून मलाही येत नाही." आमचे त्यानंतर भांडणही झाले, चांगले तासभर. कोण चूक, कुणी सुरुवात केली, किती मागे जायचे. ते मिटले असे सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. ते अजून मिटलेले नाही. ती परवाही भेटली, तेव्हा आम्ही त्यातला थोडा भाग पुन्हा भांडलो आणि मग खाऊगल्लीत जाऊन शेवपुरी खाल्ली.

मी एवढेच विचारते: हे भांडण मला आमच्याच लोकांनी भरलेल्या शाळेने दिले असते का? भांडायला कुणी असते का समोर?

आमचे जे तिकडे गेले त्यांची गोष्ट याहून सोपी असेल असे कुणाला वाटेल. तसे नाही. जिथे सगळेच ज्यू, तिथे पोचल्यावर आमच्या लोकांना काय विचारले गेले? 'तुम्ही खरे ज्यू का?' १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांना हरकत घेतली, वंशाच्या चौकशा करा म्हटले. आमच्या माणसांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला जाहीर करावे लागले की हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. कोकणात कुणी असा दाखला मागितला नव्हता. घाणा शनिवारी बंद आहे, एवढा पुरावा गावाला पुरत होता. आणि आज इस्राएलमधले आमचे लोक 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढतात! इथे ज्यू म्हणून वेगळे असलेले तिथे मराठी म्हणून वेगळे ठरले. मामी फोनवर सांगते, "इथं आम्हाला हिंदी म्हणतात गं." मामी जन्मात कधी धड हिंदी बोललेली नाही.

२०२०च्या मार्चमध्ये आमची दहावीची परीक्षा चालू होती. सगळे पेपर झाले, राहिला तो भूगोलाचा. तो २३ तारखेला होता. करोनामुळे आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले. त्यामुळे शेवटचा पेपर झाला, शाई उडवली, गळ्यात पडून रडलो, असे काहीही आमच्या वाट्याला आले नाही. शाळा संपली ती घरात बसल्या बसल्या. दाखला आणायला मी कितीतरी महिन्यांनी एकटी गेले. वर्ग बंद होते. कारकूनकाकांनी तोंडावरचा मास्क सारखा करीत दाखला लिहिला आणि धर्माच्या रकान्यात न विचारता 'ज्यू' आणि पुढे 'बेने इस्राएल' असे घातले. नंतर एका कचेरीतल्या अर्जात मला तोच रकाना 'इतर' असा भरावा लागला, कारण यादीत आमचे नावच नव्हते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला आहे, हे खिडकीतल्या बाईंना मी सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "असेल, पण कॉम्प्युटरला ठाऊक नाही." माझ्या शाळेतल्या सगळ्या वर्गाला ठाऊक होते.

यंदा बी.ए. होईल. मला बी.एड. करायचे आहे आणि जमल्यास त्याच शाळेत इतिहास शिकवायचा आहे. तो आठवड्याचा एक तास मीच मागून घेईन म्हणते. आईचे मत वेगळे आहे. मामाच्या सांगण्यावरून तिने तिकडे जाण्याचे कागद जमवायला घेतले आहेत. तिचेही चूक नाही. इथे माझे लग्न कुणाशी व्हायचे, दहा पुरुष जमेनात म्हणून मशिदीत प्रार्थना अडते, आजीनंतर मलिदा कोण करील, हे तिचे प्रश्न खरे आहेत आणि माझ्यापाशी त्यांची उत्तरे नाहीत. रात्री जेवणानंतर ती कागद पसरून बसते. आजोबांचा विवाहलेख, मशिदीचे पत्र, जन्माचे दाखले, माझा शाळेचा दाखला. परवा तिने माझ्या दाखल्याच्या नकलेवर पेन्सिलीने कंसात 'ज्यू शाळा' असे लिहिले. मग थांबली.

"आणि तिथल्या माणसानं विचारलं, वर्गात ज्यू किती होते, तर काय सांगायचं गं?"

मी म्हटले, "आई, खरं तेच सांगायचं. एक."